साडेसात महिन्यांची वाट, पाच दिवसांचा स्टेन: कुळागराच्या कडेचं आमचं लाकडी कुंपण

२८ डिसेंबरला दुपारी साडेतीनच्या सुमारास शेवटच्या पट्टीवर स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचा, दुसरा हात मारून झाला आणि मी ब्रश टर्पेंटाईनच्या डब्यात बुडवला. काम हातात घेतलं होतं १० मेला. त्यातलं प्रत्यक्ष स्टेन लावायचं काम पाच दिवसांचं. बाकी सगळा वेळ जुनं व्हार्निश खरवडण्यात, धुण्यात, पंचायतीच्या फेऱ्यांत आणि लाकूड सुकायची वाट बघण्यात गेला. सुरुवात केली तेव्हा विचारावं असं कोणी भेटत नव्हतं. वाचायला जे मिळत होतं ते सगळं थंड आणि कोरड्या देशांतलं. गोव्यातल्या फोंड्याच्या हवेत लाकडाला कधी, काय आणि कसं लावायचं हे मराठीत कुठे सापडलं नाही, म्हणून जमेल तेवढं तपशिलात लिहिते आहे.

माझं माहेर सावंतवाडीचं, सासर फोंडा तालुक्यातल्या एका गावातलं. घराचं तोंड पूर्वेला, समोर पंचायतीचा रस्ता, उत्तरेला कुळागर. कुळागर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: माड आणि पोफळी, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, खाली केळी, जायफळ, आणि मधून फिरवलेलं पाटाचं पाणी. एप्रिलच्या उन्हात तिथे पाऊल टाकलं की अंगावर गारवा येतो. तोच गारवा लाकडाला बारा महिने ओलं ठेवतो.

कुंपण माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, १९९८ साली करून घेतलं. आजूबाजूला सगळीकडे चिऱ्यांचे गडगे. पण त्या वर्षी घराची जुनी माडी उतरवली होती आणि तिचं किंदळाचं लाकूड त्यांना वाया जाऊ द्यायचं नव्हतं. रस्त्याच्या बाजूला १४ मीटर, कुळागराच्या बाजूला ८ मीटर, उंची चार फूट, उभ्या पट्ट्या १४७. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. रोज सकाळी चहा घेऊन ते त्या कुंपणापाशी उभे राहतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. त्यामुळे ‘काढून टाकूया, भिंत बांधूया’ हा पर्याय मी घरात कधी काढलाच नाही.

२०१९ मध्ये त्यावर चकचकीत व्हार्निश मारून घेतलं होतं. दोन वर्षं छान दिसलं. मग पट्ट्यांच्या वरच्या टोकांना बारीक चिरा पडल्या, चिरांतून पाणी आत गेलं, आणि वरच्या थरामुळे ते बाहेर पडेना. २०२५च्या मे महिन्यात मी एका पट्टीवरच्या फुगवट्याखाली नख घातलं तर तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला. आतली बाजू ओलसर, आणि खालचं लाकूड काळपट निळं. आठवडाभर पाऊस नव्हता, तरीही ओलसर. दमट हवेत लाकडावर बंद थर चढवण्यातला धोका मला त्या पापुद्र्यात दिसला. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, हे थांबवता येत नाही. त्याला हवा असतो लाकडात मुरणारा स्टेन, जो वर पडदा धरत नाही आणि झिजला तर पापुद्रे न सुटता फक्त फिका होतो.

हे मात्र मला नंतर कळलं. मे महिन्यात मी घाई केली. १० मेला खरवडायला बसले, आठवड्याभरात चाळीसेक पट्ट्या मोकळ्या केल्या. दुकानात ‘बाहेरच्या लाकडाला काय देता?’ असं विचारलं तर पारदर्शक कोटिंगचा डबा पुढे आला, एक लिटर १,२५० रुपये. १७ मेला पाच पट्ट्यांवर लावून पाहिलं. माझा हिशोब होता की पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, हातात पंधरा दिवस आहेत. २० मेपासूनच आभाळ फाटल्यासारखा पाऊस सुरू झाला. २०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मेला पोहोचला, नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी, आणि गोव्यात तर पाऊस त्याच्याही आधीपासून कोसळत होता. पाचही पट्ट्यांवर दुधी डाग उठले. आठ दिवसांनी बोट लावलं तरी चिकट. मला फार वाईट वाटलं, कारण बाबा रोज सकाळी त्याच पट्ट्यांसमोर उभे राहत होते.

पावसाळ्यात हात लावता येणार नव्हता. निदान नुकसान वाढू नये म्हणून माडाच्या चुडतांची विणलेली झापं आणून कुळागराच्या बाजूने टेकवून बांधली. पूर्वी घरांच्या मातीच्या भिंतींना पावसाळ्यात अशीच झापं लावत, तेव्हा बाबांना पद्धत ठाऊक होती: झाप लाकडाला चिकटून नको, मध्ये चार बोटं अंतर हवं, नाहीतर आत बुरशी धरते. त्याच पावसात एक गोष्ट नीट बघून घेतली. पागोळ्यांचं पाणी तांबड्या मातीवर आपटून जिथपर्यंत उडत होतं, तिथपर्यंत पट्ट्या तांबूस आणि मऊ झाल्या होत्या. जमिनीपासून साधारण एक हात. कुंपण कुजतं ते खालच्या त्या एका हातात. नंतर तिथे आम्ही बारीक खडी पसरली, सहा इंच रुंद पट्टा, आणि माती उडणं बरंच थांबलं.

२७ ऑगस्टला चतुर्थी. गावात घराघरांत रंगकाम चाललेलं, आणि आमचं कुंपण अर्धं सोललेलं. येणारा प्रत्येकजण विचारायचा. ‘निदान एक हात तरी मारून घ्या’ असा सल्ला तीन जणांनी दिला. तोवर मी एक ओलावा मापक मागवला होता. दोन टोकदार पिना असलेलं छोटं यंत्र, १,४५० रुपये. पिना लाकडात दाबल्या की ओलाव्याचा टक्का दिसतो. १४ सप्टेंबरला रस्त्याच्या बाजूला २१ आणि कुळागराच्या बाजूला २५ आकडा आला. स्टेन लावायला तो १५ किंवा त्याखाली हवा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास टिकली तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतं, ८० टक्क्यांवर १६च्या आसपास, आणि पावसाळी हवेत वीसच्या वर. म्हणजे सावलीत, पाऊस न लागताही, आपल्याकडचं लाकूड सप्टेंबरात तयार नसतंच. या यंत्रावर खर्च करायचा की नाही असा कुणाला प्रश्न असेल तर माझं उत्तर ठाम आहे: ब्रश स्वस्तातला घ्या, हे यंत्र घ्या.

सप्टेंबरात स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी टोचून पाहिलं. रस्त्याच्या बाजूचे चार खांब आतून गेलेले. स्क्रू ड्रायव्हर सहज दोन इंच आत शिरत होता. सोळा पट्ट्यासुद्धा बदलाव्या लागणार होत्या. आणि इथे पंचायत आली.

जुन्या लाकडाला रंग किंवा स्टेन द्यायला कुणाला विचारावं लागत नाही. पण रस्त्याच्या कडेचे खांब उपटून नवे रोवायचे तर आमच्या पंचायतीत अर्ज करावा लागेल असं सचिवांनी सांगितलं. ८ सप्टेंबरला अर्ज दिला. सोबत एक-चौदाचा उतारा (जमिनीवर कुणाची नावं आहेत ते दाखवणारा, गोव्यातला सातबारा म्हणा), सर्व्हे प्लॅन, घरपट्टीची चालू वर्षाची पावती, कुंपणाचे चार फोटो आणि शेजाऱ्यांची ना-हरकत. हे सगळं जमवायला मला चार दिवस लागले होते आणि सगळं पूर्ण आहे अशी माझी खात्री होती. खिडकीवरच्या बाईंनी एक-चौदा वाचला आणि म्हणाल्या, “यात दोन नावं आहेत. दुसऱ्या मालकाची सही कुठे आहे?” दुसरं नाव बाबांच्या थोरल्या भावाचं. ते जाऊन नऊ वर्षं झाली, वारसांची नावं अजून चढलेली नाहीत. त्यांचा मुलगा मुंबईला. त्याला फोन केला, मजकूर पाठवला, त्याने संमतीपत्र लिहून कुरिअरने पाठवलं. त्यात दहा दिवस गेले आणि पंधरवड्याची बैठक हुकली. पुढच्या बैठकीत अर्ज आला आणि ६ ऑक्टोबरला पत्र हातात पडलं. फी आणि झेरॉक्स धरून ५०० रुपये खर्च. कुंपण आहे त्याच रेषेत राहील, रस्त्याकडे सरकणार नाही, अशी अट त्यात लिहिलेली.

त्या महिन्यात मी खूप वैतागले होते हे खरं. पण ज्यांच्या उताऱ्यावर एकापेक्षा जास्त नावं आहेत त्यांनी, आणि गोव्यात अशी घरं खूप आहेत, काम सुरू करायच्या दोन महिने आधी उतारा काढून नावं वाचावीत. अर्जाची पोचपावती शिक्क्यासह घ्यावी. आणि जुनं कुंपण उपटण्याआधी मोजपट्टी धरून फोटो काढावेत. रेषा कुठे होती याचा तो एकच पुरावा आमच्याकडे होता.

लाकडासाठी आमचे सुतार मेस्तकाका यांना घेऊन ११ ऑक्टोबरला वखारीत गेले. ते पासष्टीचे, बाबांच्या माडीचं लाकूड उतरवायला त्यांचे वडील होते. मी सागाकडे बघत होते. त्यांनी मला मागच्या बाजूला नेलं, जिथे पाडलेल्या घरांचे वासे आणि तुळया रचून ठेवल्या होत्या. खांबांसाठी जुन्या तुळयांचं किंदळ घ्यायचं, कारण चार इंच जाडीचं नवं लाकूड आतपर्यंत सुकायला एक हिवाळा पुरत नाही. पट्ट्या एक इंचाच्या, त्या नव्या घेतल्या तरी चालतील. यंत्र लावलं तर जुन्या तुळईत १४, नव्या पट्टीत २७. मी म्हटलं, दिवाळीनंतर लगेच बसवूया. मेस्तकाकांनी पट्टी हातात तोलली आणि म्हणाले, “बाय, लांकूड अजून ओलें आसा. घाय करूं नाका.” रंधा मारून सगळं ८,१०० रुपयांना पडलं. बिल मागून घेतलं आणि जपून ठेवलं. लाकूड टेम्पोतून आणताना वाटेत कुणी विचारलं तर हातात कागद असावा.

नव्या पट्ट्या पडवीत रचल्या. जमिनीवर आधी दोन वासे, त्यावर पट्ट्यांचा थर, मध्ये बोटभर जाडीच्या काड्या, मग पुढचा थर, म्हणजे चारही बाजूंनी वारा लागतो. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने तारीख आणि टक्का लिहीत गेले. दिवाळीनंतरही पावसाच्या सरी येतच राहिल्या. १ नोव्हेंबरला कुळागराच्या बाजूचा आकडा २२.

तुळशीच्या लग्नानंतर, ८ आणि ९ नोव्हेंबरला, खांब बसले. जुने खांब थेट मातीत रोवलेले होते, म्हणून कुजले. या वेळी काँक्रीटच्या पायात जस्त चढवलेला यू आकाराचा पत्रा रोवला आणि खांब त्यात, जमिनीपासून दोन इंच वर. असे चार यू १,८०० रुपयांना तयार करून मिळाले. खांबाच्या तळाला मेस्तकाकांनी काजूच्या टरफलांचं तेल लावलं. इकडे होड्यांना आणि वाळवीच्या भीतीने लाकडाला ते लावायची जुनी पद्धत आहे. काळं, दाट तेल. कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, तेव्हा हातमोजे हवेतच. जिथे स्टेन लावायचा आहे तिथे मात्र ते लागू देऊ नये, त्यावर स्टेन मुरत नाही.

मग धुणं. मला वाटायचं काळे डाग म्हणजे सगळी बुरशीच. तसं नसतं. डागावर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाकायचा. मिनिट-दोन मिनिटांत तो फिका झाला तर बुरशी. आमच्या कुळागराच्या बाजूचे डाग फिके झाले. पण प्रत्येक खिळ्याभोवती निळसर काळं वर्तुळ होतं, ते जराही हललं नाही. ते लोखंडाचे डाग. किंदळात टॅनिन असतं, गंजणाऱ्या खिळ्याचं लोखंड ओलीत विरघळून त्याला भेटलं की शाईसारखा काळा रंग धरतो. जुन्या काळी शाई अशीच लोखंड आणि टॅनिनपासून करत. त्याला ब्लीच नाही, ऑक्झॅलिक ॲसिड लागतं.

१५ नोव्हेंबरला एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी असं लावलं, दहा-पंधरा मिनिटं ठेवलं, नायलॉनच्या ब्रशने घासलं आणि भरपूर पाण्याने धुतलं. तारेचा ब्रश वापरू नका; त्याचे लोखंडी कण लाकडात अडकतात आणि पुन्हा काळे ठिपके उठतात. मिरीच्या वेलांवर आधी साधं पाणी मारून मग ताडपत्री टाकली. आमची विहीर कुंपणापासून बारा पावलांवर, म्हणून धुण्याचं पाणी उलट बाजूला जाईल असा छोटा चर आधीच काढला होता. दुसऱ्या दिवशी, लाकूड स्वच्छ धुतल्याची खात्री करून, ऑक्झॅलिक ॲसिड: एका लिटर कोमट पाण्यात साधारण ६० ग्रॅम. चष्मा, हातमोजे, लांब बाह्या. ब्लीच आणि ॲसिड एकत्र येता कामा नयेत, त्यातून क्लोरीन वायू निघतो. म्हणून बादल्याही वेगळ्या ठेवल्या. हे दोन्ही मिळून १,१५० रुपयांत आलं.

ॲसिड लावल्यावर वीस मिनिटांनी जे दिसलं ते अजून डोळ्यासमोर आहे. खिळ्याभोवतीचं काळं वर्तुळ कडेपासून आत आत विरत गेलं आणि खालून तपकिरी, किंचित पिवळसर किंदळ वर आलं. मी बाबांना हाक मारली. ते काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “हाच. माडीचा रंग हाच होता.”

जुने खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मारले, १,६०० रुपये. नाहीतर तेच डाग परत आले असते. उरलेलं व्हार्निश २२ ते २५ नोव्हेंबर काढलं. पॉलिश पेपर ६० नंबरचा आणि मग ८० नंबरचा, त्याच्या पुढे नाही. फार गुळगुळीत केलं तर लाकडाची तोंडं मिटतात आणि स्टेन आत जात नाही. तोंडाला मास्क बांधा, व्हार्निशची धूळ घशात उतरते.

आणि पुन्हा वाट. २९ नोव्हेंबरला रस्त्याची बाजू १४, कुळागर १७. रस्त्याची बाजू आधी उरकून टाकावी असा मोह झाला. पण एकाच कुंपणाचे दोन भाग पंधरा दिवसांच्या अंतराने रंगवले तर रंगात फरक दिसेल, म्हणून थांबले. गोव्यात डिसेंबर ते फेब्रुवारी हाच या कामाचा काळ असं माझं आता पक्कं मत आहे. दुपारची हवा कोरडी असते, पावसाची भीती जवळजवळ नसते. मार्चनंतर उन्हाने लाकूड इतकं तापतं की स्टेन आत मुरण्याआधीच वर सुकतो, आणि मेचा भरवसा काय तो मी पाहिलाच.

रंग निवडायला बाद झालेल्या पट्टीवर तीन छटा लावल्या: मधाळ, सागवानी आणि गडद अक्रोडी. रंगद्रव्य जितकं जास्त तितकं उन्हापासून संरक्षण जास्त, कारण उन्हातले अतिनील किरण लाकडाचा वरचा थर तोडतात आणि ते राखाडी पडतं. पूर्ण पारदर्शक घेतलं असतं तर इथल्या उन्हात वर्षभरात परत लावावं लागलं असतं. आम्ही सागवानी घेतला: तेलाचा, अर्धपारदर्शक, बुरशीविरोधी द्रव्य असलेला. किती लागेल याचा हिशोब करताना माझी चूक होणार होती. दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ काढलं ते ३५ चौरस मीटर. पट्ट्यांच्या कडा धरल्याच नव्हत्या. कडा, आडवे बार आणि खांब मिळून ते ५०च्या वर गेलं. बारा लिटर घेतला, ७८० रुपये लिटरप्रमाणे ९,३६०. सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र केले, म्हणजे डब्याडब्यातला रंगाचा फरक राहत नाही. डबा हलवायचा नाही, तळापासून काठीने ढवळायचा, आणि काम चालू असताना दर अर्ध्या तासाने पुन्हा, कारण रंगद्रव्य खाली बसतं.

१३ डिसेंबरला आकडे १३ आणि १५. पडवीतल्या नव्या पट्ट्या १५. पाणी शिंपडून पाहिलं. थेंब दोन मिनिटांत आत गेले. मेस्तकाका एक दिवस येऊन नव्या पट्ट्या कापून गेले, आणि त्या बसवण्याआधी मी त्यांना पडवीतच चारही बाजूंनी पहिला हात दिला. एकदा बारवर बसल्या की मागची बाजू कधीच सापडत नाही. दोन दिवसांनी त्या जागेवर बसल्या.

१९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन, शुक्रवार. तीन दिवस सलग सुट्टी. सकाळी सहाला उठून बघितलं तर कुंपण दवाने भिजलेलं, पट्ट्यांच्या टोकांवर थेंब उभे. कापडाने पुसून घेतलं आणि दहापर्यंत थांबले. उन्हं कुठून कुठे जातात ते आदल्या आठवड्यात मी वहीत लिहून ठेवलं होतं. रस्त्याकडची बाहेरची बाजू पूर्वेला, तिला सकाळी ऊन; आतली बाजू सकाळी सावलीत. म्हणून सकाळी आतली बाजू, मधल्या वेळात कुळागराकडची, आणि एकनंतर बाहेरची. चारला ब्रश खाली, म्हणजे दव पडायच्या आत स्टेन थोडा तरी आत जातो.

एका वेळी दोन पट्ट्या, वरपासून खालपर्यंत, मध्ये न थांबता. पट्टीच्या वरच्या टोकाला, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, पहिल्यांदा. तिथे ब्रश टेकवला की स्टेन स्पंजसारखा ओढला जातो. मी तीन वेळा भरला तेव्हा तो थांबला. पाणीही तिथूनच आत शिरतं, म्हणून तिथे कंजुषी नको. पंधरा-वीस मिनिटांनी जिथे चकाकी उरली असेल तिथला जादा स्टेन सुती कापडाने पुसायचा. तो तसाच राहिला तर चिकट थर होतो आणि दमट हवेत आठवडे सुकत नाही.

पहिल्या दिवशी माझी गती कमी पडली. साडेबारा वाजून गेले तरी आतल्या बाजूच्या सात पट्ट्या उरल्या, ऊन त्यांच्यावर सरकलं, आणि मी ‘आता संपवूनच टाकू’ म्हणून थांबले नाही. संध्याकाळी त्या सातांवर ब्रश जिथे जिथे थांबला होता तिथे गडद पट्टे उठलेले दिसले. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी टर्पेंटाईनमध्ये कापड किंचित ओलं करून पट्टे चोळले, मग सावलीत पातळ हात फिरवला, आणि ते बेमालूम मिसळले. चोवीस तासांच्या आत केलं म्हणून जमलं.

त्याच दिवसाची दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पुसायची कापडं मी गोळा करून प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली आणि बादली पडवीत ठेवली. सातच्या सुमारास ती उचलायला गेले तर मधली कापडं कोमट लागली. जवळ आग नव्हती, ऊन नव्हतं. तेलाचा स्टेन सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतो आणि उष्णता सोडतो. कापडं चुरगळून दाबलेली असली की ती उष्णता आत कोंडते आणि कापडं आपोआप पेट घेऊ शकतात. ताबडतोब सगळी पाण्यात बुडवली. नंतरच्या दिवसांत प्रत्येक कापड अंगणात दगडावर वेगळं पसरून वाळवलं आणि मगच टाकलं. हे वाचणाऱ्यांनी बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी हे ठेवावं.

२१ तारखेला पहिला हात पूर्ण. डब्यावर दुसरा हात ४८ तासांनंतर असं लिहिलेलं, पण कुळागराची बाजू तिसऱ्या दिवशीही बोटाला लागत होती. सावलीत आणि दमट जागी वेळ जास्त लागतो, तिथे डब्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवला. २७ आणि २८ डिसेंबरला दुसरा हात. तो पातळ, आणि त्याला पहिल्याच्या निम्माच स्टेन लागला. बारा लिटरमधला दीडेक लिटर उरला.

सगळा हिशोब वहीत आहे. वर आलेल्या रकमा, मेस्तकाकांचे तीन दिवसांचे ४,२००, ब्रश, पेपर, हातमोजे, टर्पेंटाईन मिळून १,९००, आणि मेमध्ये वाया गेलेला तो डबा, असे एकूण ३१,३१० रुपये झाले. रंगाऱ्याने नुसत्या मजुरीचे १८,००० सांगितले होते. मजुरी वाचवण्यापेक्षा, प्रत्येक पट्टी स्वतः हाताळल्यामुळे कुठे काय चाललं आहे ते मला कळलं, याचं मोल मला जास्त वाटतं.

उरलेला स्टेन लहान डब्यात ओतून, हवा कमी राहील असा काठोकाठ भरून, वर तारीख आणि छटा लिहून माळ्यावर ठेवला आहे. कुळागराच्या टोकाची शेवटची पट्टी मुद्दाम कोरी सोडली. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, तिच्या शेजारी उभं राहून फरक बघायचा, यंत्र लावायचं, पाण्याचे थेंब टाकायचे आणि मग ठरवायचं की परत हात द्यायची वेळ आली का. रस्त्याकडच्या बाजूला दोन वर्षं मिळतील असा माझा अंदाज आहे, कुळागराकडे कदाचित थोडी कमी.

२९ डिसेंबरच्या सकाळी बाबा चहा घेऊन नेहमीच्या जागी गेले. हात टेकवण्याआधी त्यांनी मागे वळून विचारलं, “सुकलं का गं?” मी म्हटलं, “बाबा, इकडचं सुकलं. कुळागराकडे अजून दोन दिवस थांबा.” त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वरच्या बारवर टेकवला.